गाडीला थांबायला जागा ठेवा

अपघात झालेली गाडी तपासायला मी जाते तेव्हा चालवणाऱ्याचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "तो एकदम समोर आला हो." माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटलेलं असतं. पण गाडी वेगळं सांगते. मागचा टायर गुळगुळीत. ब्रेक पॅड पत्र्यापर्यंत झिजलेलं. बेल्टचा पट्टा कोरा करकरीत, आणि पुढच्या काचेवर डोक्याच्या उंचीला कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली खूण. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये धडकेआधीचे सुमारे ५ सेकंद नोंदलेले असतात. ती नोंद काढली की कळतं, ब्रेकवर पाय पडला तो अगदी शेवटी, तोवर वेग जराही कमी झालेला नव्हता.

मी विम्याच्या दाव्यांसाठी गाड्यांचा सर्व्हे करते. काम नुकसान मोजण्याचं, पण मोडलेल्या गाड्या बघता बघता माझं एक मत पक्कं झालंय. थांबायला पुरेशी जागा हाताशी नसताना गाडी पळवणं, यालाच मी बेदरकारपणा म्हणते. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ९० नं जाणारा सावध असू शकतो आणि शाळेसमोर ४० नं जाणारा बेदरकार. म्हणून खालचं सगळं दोनच प्रश्नांभोवती आहे: गाडी वेळेत कशी थांबेल, आणि ती थांबली नाही तर आतला माणूस कसा थांबेल.

आधी वेगाचा हिशेब

समोर काहीतरी दिसणं, ते धोक्याचं आहे हे कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं, यात साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्या वेळात ६० च्या वेगातली गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक तेव्हा कुठे लागायला सुरुवात होते. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि जोरात दाबलेला ब्रेक धरला तर पुढे आणखी २० मीटर लागतात. एकूण ४५.

आता तीच गाडी, तोच माणूस, वेग ८०. पाय ब्रेकवर जाईपर्यंत ३३ मीटर संपले. ब्रेक लागल्यावर ३५ मीटर हवेत. एकूण ६८. म्हणजे ४५ मीटरवर एखादा ट्रक आडवा असेल तर ६० वाला त्याच्यासमोर जेमतेम थांबतो. ८० वाला? मला आधी वाटायचं, तो हळूच टेकेल. गणित करून बघा: तो त्या ट्रकवर ६५ च्या आसपासच्या वेगानं आदळतो. पहिला माणूस ज्या वेगानं चालला होता त्याहूनही जास्त वेगानं! याचं कारण, ब्रेक लागल्यावरचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग दुप्पट तर अंतर चौपट. त्यात ब्रेक दाबल्यावर सुरुवातीच्या मीटरांत वेग थोडाच उतरतो, बराचसा शेवटच्या मीटरांत उतरतो, आणि ते शेवटचे मीटर नेमके त्याच्याजवळ नसतात.

आणि मिळवलं काय? ३० किलोमीटरच्या अंतरात ६० ऐवजी ८० नं गेलात तर कागदावर साडेसात मिनिटं वाचतात. सिग्नल, वळणं, गर्दी धरली तर तेवढीही नाही. पायी चालणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडीचा वेग ५० वरून ६५ झाला की धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो. स्पीडोमीटरवर तो काट्याचा एवढासा सरकणारा भाग आहे.

पुढच्या गाडीपासून अंतर कसं मोजायचं

मीटर डोळ्यांनी मोजता येत नाहीत, म्हणून सेकंद मोजा. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून किंवा फलकाजवळून गेली की मनात सावकाश "एकशे एक, एकशे दोन" म्हणा. ते म्हणून संपायच्या आत तुम्ही त्या खांबाशी पोचलात तर तुम्ही फार जवळ आहात. कोरड्या रस्त्यावर किमान २ सेकंद, पावसात ४, धुक्यात किंवा गाडी भरलेली असताना त्याहूनही जास्त. वेग वाढला की तेवढ्याच सेकंदांत अंतर आपोआप वाढतं, म्हणून ही पद्धत कुठल्याही वेगाला चालते. मधल्या जागेत कुणी घुसलं तर घुसू द्या, पुन्हा मागे राहा.

मागून कुणी चिकटून येत असेल तर त्याला शिकवायला म्हणून ब्रेक मारू नका. उलट पुढचं अंतर आणखी वाढवा. म्हणजे तुम्हाला हळूहळू थांबता येईल आणि त्यालाही वेळ मिळेल. जमेल तिथे त्याला पुढे जाऊ द्या.

ओव्हरटेकबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण समोरासमोरच्या धडकेच्या गाड्या बघणं मला आजही जड जातं. समोरचा ट्रक ६० नं चाललाय, तुम्ही ८० नं त्याला ओलांडताय. त्याच्या मागून सुरक्षित अंतरावरून निघून, त्याची लांबी पार करून, पुढे सुरक्षित अंतरावर परत यायचं तर कमीत कमी ५० मीटरची आघाडी घ्यावी लागते. वेगातला फरक २० चा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. लागले ९ सेकंद. या ९ सेकंदांत तुम्ही २०० मीटर कापता, आणि समोरून ८० नं येणाराही २०० मीटर कापतो. थोडक्यात निदान ४०० मीटर रस्ता स्वच्छ दिसत असेल तरच निघायचं. वळणावर, चढाच्या माथ्यावर, पुलाच्या तोंडाशी तो दिसत नाही, मग निघायचं नाही. आणि ओव्हरटेक करणाऱ्या गाडीच्या मागोमाग आंधळेपणानं जाऊ नका. त्याला दिसलेली जागा त्याच्यापुरती होती.

टायर

गाडीचा रस्त्याशी संबंध फक्त चार ठिकाणी येतो आणि प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढं. ब्रेक कितीही भारी असोत, गाडी थांबवतो तो टायर. तरीही तपासणीत सगळ्यात दुर्लक्षित भाग मला हाच दिसतो.

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतो. टायरच्या अंगावर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची नसते. हवा टायर थंड असताना बघा. लांबून आल्यावर लगेच मोजलीत तर आकडा वाढलेला दिसतो आणि तो बघून हवा सोडली तर टायर थंड झाल्यावर कमी पडते. कमी हवेच्या टायरच्या बाजू सतत दुमडत राहतात, तापतात आणि लांबच्या वेगवान प्रवासात फुटतात. लोक म्हणतात, उन्हानं फुटला. असा टायर रिमवरून उतरवला की आतल्या बाजूला रबराचा भुगा आणि घासलेला पट्टा सापडतो. तो कमी हवेवर बराच काळ चालला होता, हे त्यावरून कळतं. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी हवा बघा, स्टेपनीसकट.

झीज वाचायला शिका. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिलीय. मधला पट्टा झिजला तर जास्त. एकच कड गेली तर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेष, बिघडलंय. ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखं वाटलं तर शॉक अॅब्सॉर्बर दाखवा. खाचांच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात. खाच १.६ मिलिमीटर उरली की ते वरच्या रबराशी समपातळीत येतात. तिथवर पोचलेला टायर बदलायचाच, आणि पावसाच्या दिवसांत त्याच्या बराच आधी. कारण ओल्या रस्त्यावर चाकाखालचं पाणी बाहेर काढतात त्या खाचा. त्या उथळ झाल्या की वेगात टायर पाण्यावर तरंगतो. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, गाडी ऐकत नाही. अशा वेळी ब्रेक मारू नका, स्टिअरिंग वळवू नका. अॅक्सिलरेटरवरून पाय अलगद काढा, चाकं सरळ धरा, पकड परत येते.

टायरचं वयही बघा. बाजूच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. जुनी गाडी घेताना हे आवर्जून बघा. खाचा खोल दिसतात पण रबर कडक होऊन भेगाळलेलं असतं, असे टायर मी पुष्कळ पाहिलेत.

ब्रेक

पॅड झिजल्याचा किंचाळणारा आवाज येऊ लागला की तो थांबायची वाट बघू नका. गाडी एका बाजूला ओढत असेल, पेडल मऊ लागत असेल किंवा आधीपेक्षा खाली जात असेल, तर गाडी त्याच दिवशी दाखवा.

ब्रेक ऑइलकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. ताजं डीओटी ४ या दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ पर्यंत उतरते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून धरला की ते उकळतं, नळ्यांमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला टेकतं. पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीत, साधारण दोन वर्षांनी, ते बदलून घ्या. पातळी पुरेशी दिसते म्हणून सोडू नका.

उतारावर साधा नियम: जो चढ ज्या गिअरमध्ये चढाल, तो त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक थंड राहतात. इंधन वाचवायला म्हणून न्यूट्रलला टाकू नका. इंजिन बंद करून उतरणं तर जिवावरचं आहे: ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपते, पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली चुकून मागे फिरली तर स्टिअरिंग लॉक होतं.

गाडीत एबीएस ही ब्रेकची यंत्रणा असेल तर तातडीच्या वेळी ब्रेक पूर्ण ताकदीनं दाबा आणि दाबूनच ठेवा. पायाखाली थरथर जाणवेल, खडखड ऐकू येईल. ते त्याचं काम करणं आहे. बरेच जण त्या थरथरीला घाबरून पाय उचलतात आणि नेमकी तेव्हाच गाडी पुढे जाते. एबीएस चाकं जाम होऊ देत नाही, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवून अडथळा चुकवता येतो. मोकळ्या मैदानात, बेताच्या वेगात, एकदा पूर्ण जोरानं ब्रेक दाबून ही थरथर ओळखून ठेवा.

त्यासाठी बसणंही नीट हवं. ब्रेक तळापर्यंत दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाठ सीटला टेकवून हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यावं. ड्रायव्हरच्या पायाशी बाटली, छत्री, सैल मॅट काही ठेवू नका. एका गाडीत पेडलखाली अडकलेली पाण्याची बाटली मी स्वतः ओढून काढली आहे. ती अडकली असताना ब्रेक अर्धाच दाबला जात होता.

आता आतला माणूस

गाडी ५० च्या वेगात भिंतीवर आदळली तर साधारण एक दशांश सेकंदात थांबते. बेल्ट न लावलेला माणूस तेव्हाही ५० नंच पुढे चाललेला असतो, आणि त्याला काच, स्टिअरिंग किंवा पुढची सीट थांबवते. त्या क्षणी शरीराचं वजन जणू १४ पट होतं. १० किलोचं बाळ मांडीवर असेल तर हातांना १४० किलो धरावे लागतील. कुठल्याही आईबापाला ते शक्य नाही, प्रेम कितीही असो. हे मी हात जोडून सांगते.

आज आपण वापरतो तो तीन ठिकाणी बांधलेला बेल्ट व्होल्वोमधले इंजिनिअर निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आणला आणि कंपनीनं त्याचं पेटंट इतरांना खुलं ठेवलं. तो नीट लावायची रीत अशी. खालचा पट्टा पोटावरून नको, कमरेच्या हाडांवरून, घट्ट. वरचा पट्टा खांद्याच्या मधून, छातीच्या हाडावरून. काखेखालून कधीच नाही, कारण मग सगळा भार बरगड्यांवर येतो. गरोदर बाईनंही बेल्ट लावायचाच, खालचा पट्टा पोटाच्या खालून घेऊन. जाड जॅकेट असेल तर उघडून बेल्ट आत घ्या, नाहीतर तो सैलच राहतो.

बेल्ट लावला होता की नाही, हे गाडी लपवत नाही. धडकेत पट्टा इतक्या जोरात ओढला जातो की खांद्याजवळच्या कडीवर आणि बक्कलच्या जिभेवर घासल्याच्या, प्लास्टिक वितळल्याच्या खुणा उमटतात. ज्या गाड्यांत त्या नसतात तिथे बक्कलमध्ये कधीकधी नुसती लोखंडी क्लिप खोचलेली सापडते, बेल्टची घंटी वाजू नये म्हणून. ती क्लिप आजच काढून टाका. एअरबॅग बेल्टच्या जोडीनं काम करण्यासाठी बनवलेली असते. ती सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आसपास फुगते, आणि बेल्टविना पुढे झेपावलेल्या माणसाला तीच जोरात लागते. छाती आणि स्टिअरिंगच्या मध्यात किमान २५ सेंटिमीटर राहू द्या.

मागच्या सीटवर बेल्ट नको, असं अजूनही घरोघरी ऐकू येतं. पुढच्या सीटची पाठ मागून आलेल्या धक्क्यानं वाकलेली मी बघते, तेव्हा आतल्या दोघांचं काय झालं असेल ते विचारावं लागत नाही. मागचा माणूस स्वतःला तर इजा करून घेतोच, पुढच्यालाही चिरडतो. मोकळं सामानही तसंच उडतं. जड बॅगा डिकीत, तळाशी, सीटच्या पाठीला टेकवून ठेवा. मागच्या काचेखालच्या फळीवर काहीही नको.

लहान मुलांना त्यांच्या वजन-उंचीप्रमाणे चाइल्ड सीट हवी. बाळ जितके दिवस सीटच्या मर्यादेत बसतं तितके दिवस त्याचं तोंड मागे असलेलं चांगलं, कारण मान अजून नाजूक आणि डोकं जड असतं. मात्र एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर अशी उलटी सीट कधीही लावू नका. स्वतःच्या बेल्टमध्ये मुलाला घेणंही टाळा, तुमच्या वजनाखाली ते दाबलं जाईल.

हेडरेस्टकडे एक नजर टाका. त्याची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या जवळ आणि डोक्यापासून कमीत कमी अंतरावर हवी. मानेखाली घसरलेला हेडरेस्ट मागून धडक बसली तर मान वाचवत नाही.

दुचाकीवाल्यांसाठी हेच सगळं हेल्मेटमध्ये आलं: मापाचं, पट्टा हनुवटीखाली बांधलेलं. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याआधीच निघून जातं. थांबताना दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढवत दाबा. थांबवण्याची बरीचशी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते.

फोन आणि झोप

९० च्या वेगात मेसेजवर ४ सेकंद नजर गेली की १०० मीटर रस्ता न बघता गेला. फोन हातात घेतला नाही, कानाशीही धरला नाही, तरी भांडणाचं किंवा हिशेबाचं बोलणं लक्ष खातंच. निघण्याआधी रस्ता लावून घ्या, फोन सायलेंट करा, आणि आपलं माणूस गाडी चालवतंय हे माहीत असेल, तर त्याला फोन करू नका.

झोपेला इच्छाशक्ती पुरत नाही. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसासारखी मंदावते, हे प्रयोगांत दिसलंय. मागचे दोन-तीन किलोमीटर आठवत नसतील, गाडी रस्त्यावरच्या लेनच्या पट्ट्यावर सरकत असेल, तर काच खाली करून किंवा गाणी मोठी लावून भागत नाही. सुरक्षित जागी थांबा, कॉफी प्या आणि लगेच १५-२० मिनिटं डोळे मिटा. कॉफीचा परिणाम जाग येईपर्यंत सुरू होतो.

चालवणारा दुसराच असेल आणि तो सुसाट जात असेल तर गप्प बसू नका. "तुला चालवता येत नाही" म्हटलं की तो इरेला पेटतो. "मला भीती वाटतेय, हळू घे" म्हणा. नाहीच ऐकलं तर थांबायला सांगा आणि उतरा.

काही बिघडलंच तर

टायर फुटला तर ब्रेकवर पाय ठेवू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, सरळ धरा, गाडीला आपोआप मंदावू द्या, मग कडेला घ्या. ब्रेक गेला तर पेडल भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हॅन्डब्रेक थोडा थोडा ओढा. एकदम ओढला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. बंद पडलेली गाडी रस्त्यावर असेल तर धोक्याचे दिवे लावा आणि माणसं गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर उभी करा. मागून येणारी गाडी थांबलेल्या गाडीवर आदळते, तेव्हा आत बसलेले मारले जातात.

धडक होऊन गेल्यावर लोक पत्रा आणि रंगाची चौकशी करतात. तुम्ही बेल्टची करा. बेल्ट आवळून घेणारं यंत्र एकदाच उडतं. उडालेला, ताणलेला किंवा कडा विरलेला बेल्ट बदलायचा. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटून राहिला असेल तर गाडी ताब्यात घेऊ नका. जुनी गाडी घेतानाही किल्ली फिरवल्यावर तो दिवा आधी लागतो आणि मग विझतो का, हे बघा. मुळीच लागला नाही तर कुणीतरी तो काढून टाकलेला असू शकतो. आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी आतला थर्माकोलचा थर दबलेला असतो, तो पुन्हा फुगत नाही, नवं घ्या. मोठ्या धडकेत सापडलेली चाइल्ड सीटही बदला. टाकून देताना तिचे पट्टे कापून टाका, म्हणजे दुसरं कुणी ती उचलून बाळासाठी वापरणार नाही.